तोंडं पुसणारी

स्टुडिओत तिला सगळे डिंक म्हणायचे. हे नाव पडलं ते एका कुत्र्यामुळे. साबणाच्या जाहिरातीत एक ओलाचिंब कुत्रा धावत येतो, थांबतो आणि अंग झाडतो, एवढंच दृश्य होतं. पण कुत्र्याचं चित्रीकरण झालं होतं एका भकास गच्चीवर आणि गिऱ्हाइकाला तो हवा होता हिरवळीवर. म्हणजे कुत्र्याला गच्चीवरून उचलायचं, तेही पळता पळता, अंग झाडता झाडता, केसाकेसासकट. दोन जणांनी हात टेकले. ही तेव्हा नवीन होती, कोपऱ्यात बसून चित्रातल्या विजेच्या तारा खोडायची. तिने तो कुत्रा मागून घेतला आणि पुढे कितीतरी दिवस त्याच्याशिवाय कशाकडे पाहिलं नाही. काम तपासताना मालकाने पडद्याला नाक लावलं. कुत्र्याच्या कडेला कुठे फट दिसेना.

"ही मुलगी आहे का डिंक?" मालक म्हणाला, आणि नाव चिकटलं.

काम सांगायला सोपं, करायला किचकट. व्हिडिओ म्हणजे शेवटी एकामागे एक पळणारी चित्रं. त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणायचं. पहिल्या फ्रेमवर हव्या त्या वस्तूभोवती रेघ ओढायची, ती रेघ म्हणजे मास्क. मग संगणकाला सांगायचं, हे धर आणि पुढे चल. संगणक धरतो. थोडा वेळ इमानाने धरतो. मग मध्ये खांब येतो, सावली पडते, कुणी आडवं जातं, आणि बाजारात चुकलेल्या पोराने कुणाचंही बोट धरावं तसा तो भलत्याच माणसाला धरून चालू लागतो. अशा वेळी मागे जायचं, सुटलेलं परत धरायचं. स्टुडिओत दिवसभर हीच ओरड असे. "सुटला!" "घसरला!" "परत धर!" जिन्यातून जाणाऱ्याला वाटावं, आत मासे पकडतायत.

दिवसभर दुसऱ्यांना धरून ठेवणारी डिंक स्वतः मात्र एका जागी ठरत नसे. टेबलाखाली तिचा पाय सतत हलत असायचा. त्या हलण्याने खुर्चीचे स्क्रू सैल व्हायचे. बसची वाट बघताना ती रस्त्यावरच्या माणसांभोवती मनातल्या मनात रेघा ओढायची. ही सोपी, अंगाला घट्ट कपडे. ही अवघड, मोकळे केस आणि वारा. हा छत्रीवाला, याला हातच लावायला नको. बस निघून गेल्यावर तिच्या लक्षात यायचं की बस आली होती.

"हिच्याबरोबर सिनेमाला जाऊ नये," तिचा नवरा सांगायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "नायिका मरायला टेकलेली असते आणि ही माझ्या कानात सांगते, कानामागची कड सुटली बघ."

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. सुनेचं काम त्यांनी आपल्या पद्धतीने समजून घेतलं होतं. बातम्यांत, माहितीपटांत ज्यांची ओळख लपवायची असते त्यांचे चेहरे धूसर करण्याचं काम स्टुडिओत बरंच यायचं आणि ते डिंककडेच जायचं. सासूबाई शेजारणींना सांगत, "माझी सून लोकांची तोंडं पुसते. मुलगा लोकांना वर-खाली करतो. सरळ काम करणारी या घरात मी एकटीच."

त्या हिवाळ्यात स्टुडिओत एक माहितीपट आला. करणारी दिग्दर्शिका कमी बोलणारी, केसांत पेन खोचून विसरणारी बाई होती. तिला सगळे ताई म्हणत. विषय होता एक खासगी वृद्धाश्रम. बाहेरून फुलझाडं, आत म्हाताऱ्यांना रात्री पलंगाला बांधून ठेवत. बांधायचे कापडी पट्टे होते. हे कळलं ते तिथल्या लाँड्रीत काम करणाऱ्या बाईमुळे, कारण चादरींबरोबर ते पट्टेही धुवायला खाली तिच्याकडेच येत. याआधी ज्या आयाने तक्रार केली होती, तिला दुसऱ्या सकाळी फाटकातूनच परत पाठवलं होतं. लाँड्रीतल्या बाईच्या घरात कमावणारी ती एकटीच. तरी ती कॅमेऱ्यापुढे बसली, आणि बसताना तिने अट घातली ती अशी : "तोंड दिसता कामा नये. पण मला काम करताना दाखवा. नुसता आवाज ठेवलात तर वरचे म्हणतील, अशी कुणी बाईच नाही."

म्हणून ताईने एक लांबलचक दृश्य घेतलं होतं, आश्रमाच्या तळघरात, वरचे कुणी नसताना. बाई चादरींनी भरलेली ट्रॉली ढकलत येते, कॅमेऱ्याजवळून जाते, पाठमोरी होऊन मशीनपर्यंत पोचते, वाकून दार उघडते आणि चादरी आत घालते. चादरींत शेवटी एक पट्टा लोंबतो. फाइलवर दृश्याचं नाव होतं 'ट्रॉली', त्यामुळे स्टुडिओत त्या बाईचंही तेच नाव पडलं. खरं नाव ताईने कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

डिंकने ट्रॉलीला नीट धरलं. खांब आले, दिवा मिणमिणला, चादरींचा ढीग चेहऱ्याआड गेला, पण चेहरा कुठे सुटला नाही. बाई वळली, तिची पाठ झाली आणि तिथे डिंकने मास्क संपवला. हा धंद्यातला साधा नियम. पाठ झाली की चेहरा नाही, चेहरा नाही की काम नाही. शुक्रवारी तो माहितीपट टीव्ही वाहिनीकडे गेला. रविवारी संध्याकाळी तो दाखवायचा होता.

रविवारी सकाळी डिंक सासूबाईंना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. दवाखान्याच्या पुढच्या भागातच चष्म्याचं दुकान होतं. मदतनीस मुलीने सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बुबुळं मोठी होईपर्यंत बसायला सांगितलं. बसणं हे दोघींच्याही स्वभावात नव्हतं.

"तोवर फ्रेम बघू," सासूबाई म्हणाल्या.

"आई, थेंब घातल्यावर जवळचं काय दिसणार तुम्हाला?"

"मला दिसायची काय गरज? फ्रेम माझ्या तोंडावर बसणार, बघणार तू."

त्या काउंटरपुढच्या स्टुलावर बसल्या. दुकानदाराने आरसा सरकवून समोर ठेवला. डिंक त्यांच्या मागे उभी राहिली. तिच्यासमोर सासूबाईंची पाठ होती, पांढरा अंबाडा, मानेवरची सैल कातडी. आणि आरशातून सासूबाईंचा अख्खा चेहरा तिच्याकडे बघत होता, नाकावर तपकिरी चष्मा, भुवया वर.

"ही फ्रेम कशी वाटते?" दुकानदाराने विचारलं.

डिंक पाठीकडून आरशाकडे आणि आरशाकडून पाठीकडे बघत राहिली.

मशीनचं दार गोल असतं. त्या दाराला काच असते. बाई वाकते तेव्हा पाठ कॅमेऱ्याकडे असते आणि तोंड काचेकडे.

"वाईट आहे का एवढी?" सासूबाईंनी आरशाकडे तोंड करून विचारलं. "नाक मोठं दिसतंय का?"

"आई, उठा."

"अगं, डॉक्टरांनी अजून बघायचंय!"

"परत येऊ. उठा. चष्मा काढून ठेवा तो, आपला नाही."

रस्त्यावर ऊन होतं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. डिंक एका हाताने त्यांचा दंड धरून दुसऱ्या हाताने फोन लावत होती. ताईचा फोन लागेना. मग तिने नवऱ्याला लावला.

"अरे, तू आहेस कुठे? आईंना घरी सोडायचंय."

"मी? मी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे आहे. लिफ्टच्या डोक्यावर बसलोय. खाली तीन माणसं अडकलीत आणि त्यातला एक मला शिव्या देतोय. का, काय झालं?"

"काही नाही. तू वरच राहा."

तिसरा फोन संकलकाला. सगळी दृश्यं कापून जोडणारा तो. स्टुडिओत त्याला कात्री म्हणत. किल्ली त्याच्याकडे असायची कारण तो मागच्याच गल्लीत राहायचा.

"रविवार आहे," कात्री झोपेतून म्हणाला.

"मला माहीत आहे."

"मग माझा नंबर का लावलास?"

"ट्रॉलीचं तोंड दिसतंय बहुतेक."

पलीकडे पांघरूण फेकल्याचा आवाज आला.

बसमध्ये डिंकला बसवेना. सासूबाई खिडकीकडे पाठ करून, डोळे मिटून बसल्या होत्या आणि ती त्यांच्यापुढे दांडीला धरून उभी होती. तिला वाटत होतं की दृश्याचा प्रत्येक कण आपल्याला पाठ आहे. बाईच्या डाव्या कानात बाळी होती. टोपीखालून एक बट सुटली होती, तिनेच डिंकला सर्वांत जास्त छळलं होतं. पण मशीन आठवायला गेलं की तिथे काही नव्हतं. करडा रंग होता एवढंच. कितीतरी दिवस ती त्या तळघरात राहिली होती आणि तळघर तिने पाहिलंच नव्हतं.

"कुणी मेलं का?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही."

"मग पाय आपटू नकोस. सगळी बस हलतेय."

स्टुडिओ फर्निचरच्या दुकानावर होता. जिना चढेपर्यंत सासूबाईंचा दम निघाला. डिंकने त्यांना ताईच्या मऊ खुर्चीत बसवलं, दिवे बंद ठेवले आणि संगणक सुरू केला. तेवढ्यात दार ढकलून कोणीतरी आत आलं.

"कात्री ना रे तू?" सासूबाई म्हणाल्या.

"काकू, ओळखलंत? दिसायला लागलं?"

"तोंड कुठलं दिसतंय. मला आज सगळ्यांचीच तोंडं पुसलेली आहेत. पण उजवा खांदा पाडून चालणारा दुसरा कोण? आमच्याकडे जेवायला आला होतास तेव्हा वाटलं, पोटात दुखतंय म्हणून वाकला असशील. मग बघितलं तर चार माणसांचं जेवलास."

कात्रीने नकळत खांदा सरळ केला.

दृश्य उघडलं. ट्रॉली आली, खांब गेले, बाई वळली. डिंकने फ्रेम फ्रेम पुढे सरकवायला सुरुवात केली. बाई वाकली. टोकाच्या मशीनचं दार, गोल, फुगीर काच. काचेत आधी दिव्याचा एक ठिपका आला. मग टोपीची पांढरी कड. मग कपाळ, आणि मग, दार उघडण्याआधीचा तो क्षण, सगळा चेहरा. लहान, थोडा ताणलेला, पण स्वच्छ.

डिंकने त्या बाईला इतके दिवस पाहिलं होतं. आज पहिल्यांदा ती बाई तिच्याकडे पाहत होती.

"अरे देवा," कात्री हळूच म्हणाला. मग स्वतःलाच समजावल्यासारखा म्हणाला, "पटकन जातं पण. कुणाच्या लक्षात येईल?"

"ज्याला शोधायचंय त्याच्या येईल. तो घरी बसून थांबवून बघेल."

"मला दाखवा," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

"तुम्हाला काय दिसणार आई?"

"पुसट दिसेल. सगळं बघायला मी काय पोलीस आहे?"

कात्रीने दृश्य पहिल्यापासून लावलं. सासूबाईंनी मोठ्या झालेल्या बुबुळांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना दिसत होता तो एक पांढरट डाग, दुसऱ्या डागाला ढकलत नेणारा.

"हिच्या टाचेला काहीतरी होतंय," त्या म्हणाल्या. "डावी. टेकतच नाही ती. चवड्यावर भार घेते आणि मग तिकडचा गुडघा बाहेर फेकते. उद्या रस्त्यात दिसली तर ओळखीन मी."

डिंकने दृश्य परत लावलं आणि या वेळी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. टाच टेकत नव्हती. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

ताईचा फोन आला तेव्हा डिंकने एका दमात दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या. काचेतला चेहरा माझी चूक, मी पाठ झाल्यावर सोडून दिलं. आणि चाल. चेहरा झाकता येईल. चालीला मास्क नसतो. ती लपवायची तर चालण्याचा सगळा तुकडाच काढावा लागेल.

"तो काढला तर उरतं काय?" ताई म्हणाली. "दोन हात आणि एक मशीन. कुणाचेही हात, कुठलंही मशीन." मग म्हणाली, "वाहिनी चारपर्यंत नवी फाइल घेईल, मी बोलते त्यांच्याशी. पण चालीचं मी ठरवणार नाही. तूही नको. थांब, तिलाच जोडून घेते."

फोनवर घंटी वाजत राहिली. चित्रपटात त्या बाईचा आवाज बदललेला होता, जाड, पुरुषी. फोन उचलून जी बोलली तिचा आवाज बारीक आणि घाईचा होता. मागे नळ वाहत होता.

"बोला."

ताईने सांगितलं, "माझ्याबरोबर फोनवर स्टुडिओतली बाई आहे. तुमचा चेहरा झाकणारी."

"मग झाकला ना?"

"एका ठिकाणी राहिला," डिंक म्हणाली. "माझ्याकडून राहिला. मशीनच्या काचेत दिसतोय."

नळ बंद झाला.

"कुठलं मशीन? टोकाचं?"

"हो."

"त्याची काच मीच रोज पुसते," बाई म्हणाली. "दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही." आणि ती हसली की तिने श्वास टाकला ते कळलं नाही.

"चेहरा मी आता झाकते. चारच्या आत होईल, शब्द देते. पण आणखी एक आहे. तुमची चाल ओळखू येते. डावी टाच."

"बूट लहान आहेत. देतात तेच घालावे लागतात."

"तुम्ही म्हणालात तर चालण्याचा भाग काढून टाकू. सगळा."

पलीकडे कुणीतरी काहीतरी मागितलं, बाईने हातानेच थांबवलं असावं. मग ती हळू आवाजात बोलू लागली.

"माझी चाल कुणाला माहीत आहे, सांगा बघू. माझ्याबरोबर राबतात त्यांना. स्वयंपाकघरातल्यांना, आयांना, बागवाल्याला. वरच्यांकडे माझा फोटो आहे, कार्डावरचा. चाल नाही. ते कधी तळघरात उतरलेत? आणि मी वर जाते ती उभी राहायला. सही करा, उभ्या राहा, जा."

"पण बरोबरच्यांपैकी कुणी सांगितलं तर?" ताईने विचारलं.

"सांगायचंच असेल त्याने, तर त्याला टाच कशाला पाहिजे? माझ्याशिवाय पट्टे कोण धुतं?" मागे नळ पुन्हा सुरू झाला. "तोंड तेवढं घ्या. चालू द्या मला."

फोन ठेवल्यावर डिंकने खुर्ची पुढे ओढली.

पडद्यावरचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा होता आणि तो धरला जाईना. काच फुगीर, त्यामुळे बाई वीतभर सरकली की काचेतली बाई बोटभरच सरकायची. ती खाली वाकली की चेहरा लांबायचा, कडेला गेला की चंद्रकोरीसारखा व्हायचा. संगणक दोन पावलं बरोबर जायचा आणि मग चेहरा सोडून काचेमागचं स्टीलचं पिंप धरायचा.

"सुटला," कात्री मागून म्हणाला.

"दिसतंय मला."

"परत सुटला."

"तू खाली जाऊन चहा आण. नाहीतर इथेच मर, पण गप्प मर."

तिने संगणकाचा नाद सोडला आणि हाताने सुरू केलं. एक फ्रेम, एक रेघ. दुसरी फ्रेम, तीच रेघ किंचित उजवीकडे, किंचित अरुंद. तिचा पाय टेबलाखाली हलत होता आणि टेबलावरची पेनं थरथरत होती, पण मनगट स्थिर होतं. मास्क जरासा मोठा ठेवला तर काचेत विचित्र धुकं दिसेल आणि बघणाऱ्याचं लक्ष नेमकं तिथेच जाईल. जरासा लहान ठेवला तर भुवई बाहेर राहील. बाईची डावी भुवई मध्येच तुटलेली होती, जुना व्रण असावा. तेवढी भुवई पुरली असती. डिंकने ती प्रत्येक फ्रेममध्ये झाकली आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं, आपण या बाईची माफी मागतोय आणि पुन्हा पुन्हा मागतोय.

सासूबाईंना भूक लागली होती. कात्रीने आणलेला पाव त्यांनी चहात बुडवला आणि अंदाजाने तोंडात घातला.

"झालं का पुसून?"

"होतंय."

"नीट पूस. कोपरे राहतात."

दार उघडलं, काच बाजूला झाली, चेहरा गेला. डिंकने शेवटची रेघ ओढली आणि मास्क संपवला नाही. अजून पुढे, पुढे, दार पुरतं उघडून काच भिंतीकडे वळेपर्यंत तिने तो रिकाम्या काचेवरही चालू ठेवला. मग दृश्य सलग लावलं. बाई येते, जाते, वाकते. काचेत दिव्याचा ठिपका आणि एक फिकट सावली, कुणाचीही.

कात्रीने दृश्य चित्रपटात बसवलं. पण डिंक उठेना. काच एकच थोडी होती? आश्रमाच्या जेवणाच्या खोलीत स्टीलचे जग होते. भिंतीवर घड्याळ होतं, त्याला काच. म्हाताऱ्यांचे चष्मे होते. तोंड लपवून बोललेली आणखी तीन माणसं होती, आणि त्यांच्या पाठी झाल्यावरही तिने असंच सोडून दिलं होतं. तिने चित्रपट पहिल्यापासून लावला, आणि या वेळी माणसं सोडून फक्त चकाकणाऱ्या वस्तू बघत सुटली. जग, नळ, खिडकी, पाण्याचं डबकं. निम्म्यापर्यंत काही सापडलं नाही. निम्म्यावर असताना ताईचा फोन आला.

"पाठव."

"अर्धा बघायचा राहिलाय."

"वाहिनीवाले फोनवर आहेत. आत्ता नाही गेला तर शुक्रवारचाच लावतील. पाठव."

कात्रीने कळ दाबली. फाइल जाताना पडद्यावर एक निळी पट्टी सरकत होती आणि डिंक तिच्याकडे, ती घसरेल की काय, अशी बघत होती. घसरली नाही. पलीकडून निरोप आला, पोचली, नवी लावतोय.

संध्याकाळी घरी तिघं टीव्हीपुढे बसली. सासूबाईंना आता दूरचं बरं दिसत होतं. नवऱ्याच्या हातांना ग्रीसचा वास होता. अडकलेल्या तिघांपैकी शिव्या देणाऱ्यानेच शेवटी त्याला मिठी मारली, हे तो सांगायला बघत होता पण कुणी ऐकेना. ट्रॉली आली आणि गेली. काचेत सावली होती. पुढचा अर्धा डिंकने उभ्याने पाहिला, पडद्यापासून हातभर अंतरावर, आणि नवरा म्हणाला, "बाजूला हो ना, टीव्हीऐवजी तुझी पाठ बघतोय आम्ही." तिला काही सापडलं नाही. न सापडल्याने तिला जराही बरं वाटलं नाही, कारण कालपर्यंत तिला काचही सापडली नव्हती.

सोमवारी तिच्याकडे फुटबॉलचं काम होतं, एका खेळाडूभोवती उजेडाचं वर्तुळ फिरवायचं. वर्तुळ तीनदा पंचाच्या पायाशी गेलं. कात्रीने तिला एकदा हाक मारली, दोनदा मारली, मग नाद सोडला. फोन टेबलावर उताणा ठेवलेला होता. वृद्धाश्रमाची बातमी सकाळपासून सगळीकडे होती, चौकशीचे अधिकारी आत गेल्याचंही कळलं होतं. पण ते आत जाण्याआधी सकाळी काय झालं असेल, तेवढंच तिला हवं होतं आणि तेवढंच कुठे नव्हतं.

दुपार कलल्यावर ताईचा फोन आला. डिंक तो घेऊन जिन्यात गेली. खालच्या दुकानात लाकूड घासत होते, तिने दुसरा कान बोटाने बंद केला.

"बोलली माझ्याशी," ताई म्हणाली. "आहे. कामावर आहे."

डिंक पायरीवर बसली.

"सकाळी मॅनेजर आला होता मागच्या अंगणात. सगळ्यांना खाली बोलावलं, ओळीत उभं केलं. हातात सगळ्यांच्या कार्डांचे फोटो छापलेले कागद. एकेकापुढे जाऊन उभा राहायचा, तोंडाकडे बघायचा, कागदाकडे बघायचा. कोण बोललं, कोण गेलं होतं कॅमेऱ्यापुढे. कुणी हूं की चूं केलं नाही. तिच्यापुढेही उभा राहिला. म्हणाला, लाँड्रीत तूच असतेस ना. ती म्हणाली, मी असते, सुट्टीला बदली असते, रात्रीच्या पाळीला आया मशीन लावतात."

"मग?"

"मग पुढच्याकडे गेला."

"आणि बाकीचे? त्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना. ती म्हणते, सकाळी आत शिरले तेव्हाच कळलं. कुणी बोललं नाही, पण स्वयंपाकीण सरळ पायांकडे बघून मग तोंडाकडे बघून हसली."

खाली लाकूड घासणं थांबलं. डिंकने कानातलं बोट काढलं.

"सगळं झाल्यावर मॅनेजर म्हणाला, जा आपापल्या कामाला," ताई म्हणाली. "आणि तिथेच उभा राहिला. अंगण ओलांडून जायचं होतं त्याच्यासमोरून. ती म्हणते, मी जागची हलले नाही. म्हटलं, आता पहिलं पाऊल टाकलं की संपलं."

"गेली?"

"नाही ना. कुणीच गेलं नाही. बागवाला बिडीच्या थोटकासारखं काहीतरी शोधत खाली बसला. आया आपापसात बोलायला लागल्या. स्वयंपाकीण तर मॅनेजरला विचारू लागली, साहेब, चौकशीवाले जेवायला आहेत का, किती माणसांचं टाकू, भाजीला कोण जाणार. तो वैतागला. सगळी ओळ तशीच उभी. शेवटी तोच निघून गेला आत."

"आणि मग?"

"मग ती ट्रॉली घ्यायला गेली," ताई म्हणाली.